पात्रपरीक्षा

आमच्या घरीं नवें भांडें विकत आणावयाचें झालें म्हणजे एक लहानशी परिषदच भरते. भांडें पितळेचें कीं स्टीलचें, बूड जाड कीं पातळ, तोंड रुंद कीं अरुंद, या मुद्द्यांवर मोठ्या काकूंपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांचीं मतें घेतलीं जातात. आणि इतकें होऊन अखेर वहिनी म्हणतील तेंच भांडें घरांत येतें. पुरुषमंडळींस या परिषदेंत बोलण्याची मुभा आहे, मताचा अधिकार नाहीं. आमचे दिवस प्रयोगशाळेंत जात असल्यामुळें ही सारी चर्चा आम्हांस पुष्कळ वर्षें क्षुल्लक वाटत असे. एका पातेल्यासाठीं एवढा खल कशास, असें आम्ही मनांत म्हणत असूं. पुढें असा प्रसंग आला कीं, पातेल्याच्या कैक सहस्रपट किमतीचें एक पात्र आम्हीं एका दुपारींत पसंत केलें, आणि त्या निवडीची लाज आम्हांस अद्यापि वाटते. त्याच प्रसंगाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक पेशींचा धंदा जन्मभराचा ठरलेला असतो. मूलपेशींची, म्हणजे इंग्रजींत ज्यांस स्टेम सेल म्हणतात त्यांची, गोष्ट निराळी. त्यांनीं अद्याप धंदा पत्करलेला नसतो. त्या आपल्यासारख्या नव्या पेशीहि निर्माण करूं शकतात व प्रसंगीं विशिष्ट काम करणाऱ्या पेशींतहि रूपांतर पावतात. टोरोंटो येथील टिल व मॅककुलक या जोडीनें १९६१ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं रक्ताच्या मूलपेशींचा पुरावा पुढें आणला. अमेरिकेंतील जेम्स थॉमसन यांनीं १९९८ सालीं मानवी गर्भाच्या अगदीं आरंभींच्या अवस्थेंतील मूलपेशी प्रयोगशाळेंत वाढवून दाखविल्या. आणि जपानचे शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या व २००७ सालीं मनुष्याच्या, चांगल्या धंद्याला लागलेल्या पेशींस पुन्हां बाल्यावस्थेंत नेलें. त्याबद्दल २०१२ सालीं जॉन गर्डन यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आमचें काम इतकें थोर नाहीं. आमचा संबंध हाडांच्या पोकळींतील मज्जेंत सांपडणाऱ्या मेझेंकायमल नांवाच्या पेशींशीं. हाड, कूर्चा व चरबी या तीन वाटा त्यांस मोकळ्या असतात. आणि कशास तरी चिकटून राहिल्यावांचून त्या वाढत नाहींत. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढचें सारें रामायण तींतूनच घडलें.

या पेशींचा औषध म्हणून उपयोग होतो कीं काय हें पाहण्यासाठीं ज्या चाचण्या होतात, त्यांपैकीं पुष्कळांत रुग्णाच्या वजनाच्या दर किलोग्रॅमास दहा ते वीस लाख पेशी देतात. साठ किलो वजनाच्या गृहस्थास वीस लाखांच्या हिशेबानें बारा कोटी पेशी झाल्या. प्रयोगशाळेंतील चपट्या आडव्या बाटलीचा तळ १७५ चौरस सेंटिमीटरांचा. तो पेशींनीं भरला म्हणजे एका बाटलींतून तीस लाखांच्या आसपास पेशी निघतात. म्हणजे एका रुग्णास चाळीस बाटल्या, आणि वीस रुग्णांस आठशें! शिवाय पोषक द्रव बदलण्यासाठीं प्रत्येक बाटलीचें झांकण वरचेवर उघडावें लागतें, आणि झांकण उघडणें म्हणजे जंतूंस आमंत्रण देणें. मूलपेशीस एकीच्या दोन व्हावयास दिवस-दोन दिवस लागतात; कांहीं जंतूंस त्याच कामास वीस मिनिटें पुरतात. ही शर्यत कोण जिंकणार हें सांगावयास गणिती नको. आमच्या काकूंच्या सोंवळ्यास आम्ही तरुणपणीं हंसत असूं. आतां आम्ही स्वतः डोक्यापासून पायांपर्यंत झांकून घेऊन, हात अल्कोहोलनें पुसून, कशासहि न शिवतां उभे राहतों, आणि काकू आम्हांस हंसतात. असो. शेंकडों बाटल्यांऐवजीं एकच मोठें बंद पात्र घ्यावें, आणि त्यांतील ३७ अंशांची ऊब, प्राणवायु, आम्लता व द्रवाचें चलनवलन हें सर्व यंत्रानेंच सांभाळावें, ही कल्पना येथूनच निघते. त्या पात्रास बायोरिॲक्टर म्हणतात.

२०१४ सालीं आमच्या संस्थेस अभ्यासासाठीं निरोगी दात्यांची मज्जा हवी होती. रात्रीं जेवतांना आम्हीं ही गोष्ट सहज बोलून दाखविली. वहिनी वाढीत होत्या, त्यांनीं विचारलें, “माझी चालेल का?” वहिनी या घरांत आल्या तेव्हां आम्ही मराठी पांचवींत होतों. आमचे पाढे त्यांनीं म्हणवून घेतले, आमच्या आजारपणांत त्या रात्र रात्र जागल्या. त्यांस या कामांत ओढावें असें आम्हांस वाटेना. परंतु त्यांनीं स्वतःच माहितीपत्रक मागवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें, आणि आमच्याशीं संबंध नसलेल्या डॉक्टरांकडे जाऊन संमतीपत्रावर सही केली. कमरेच्या हाडांतून मज्जा काढली गेली. दोन-तीन दिवस त्या शेकाची पिशवी कमरेशीं धरून वावरत होत्या, आणि तशांतहि सांडगे घालावयाचें त्यांनीं सोडलें नाहीं.

नीतिसमितीच्या नियमाप्रमाणें दात्यांचीं नांवें पुसून कुप्यांवर केवळ संकेतांक घातलेले होते. वहिनींची मज्जा कोणत्या कुपींत आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक होऊं नये अशीच व्यवस्था होती. तरी अधूनमधून त्या विचारीत, “भावोजी, आमची मंडळी कशी आहेत?” सासरीं दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसा तो सूर असे. आम्ही म्हणूं, “सर्वांचें क्षेम आहे.”

त्याच वर्षीं यंत्रखरेदीसाठीं अनुदान मंजूर झालें, आणि तें वर्षअखेरच्या आंत खर्ची घालणें भाग होतें. विक्रेते आले, चित्रमय पुस्तिका आल्या, चहा झाला. एका पात्रावर आमची दृष्टि खिळली. उंच कांचेची टांकी, आंत लखलखीत पोलादी पातीं, तळाशीं हवेचे बुडबुडे सोडणारी नळी, शेजारीं दिव्यांनीं चमकणारा नियंत्रक. औषधी प्रथिनें तयार करण्यासाठीं द्रवांत सुट्या तरंगणाऱ्या पेशी अशा टांकींत उत्तम वाढतात, हें खरेंच होतें. आमच्या पेशी तरंगणाऱ्या नव्हत, चिकटून राहणाऱ्या आहेत, हेंहि तितकेंच खरें होतें. पण एवढें मोठें पात्र आमच्या ओळखीच्या दुसऱ्या कोणत्याहि प्रयोगशाळेंत नव्हतें. खरेदीच्या कागदावर आम्हीं दहा कारणें लिहिलीं. हें अकरावें लिहिलें नाहीं, आणि खरें कारण तेंच होतें.

चिकटून राहणाऱ्या पेशी ढवळत्या द्रवांत वाढविण्याची युक्ति नेदरलंड्समधील व्हान वेझेल यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केली होती. द्रवांत सूक्ष्म मणी सोडावयाचे. पेशी मण्यांस चिकटतात व मणी द्रवांत तरंगत राहतात. मणी मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाएवढे लहान, त्यामुळें ग्रॅमभर मण्यांवर कांहीं हजार चौरस सेंटिमीटरांचें अंगण मिळतें. आम्हीं तेंच केलें. दात्यांच्या पेशी वाढवून मण्यांवर पेरल्या व टांकी सुरू केली. मणी तळाशीं बसूं लागले, म्हणून पात्यांची गति वाढविली. प्राणवायु कमी पडूं लागला, म्हणून बुडबुडे वाढविले. चौथ्या दिवशीं थेंबभर नमुना सूक्ष्मदर्शकाखालीं घेतला, तों बहुतेक मणी उघडे पडलेले. पेशी द्रवांत विरून गेलेल्या. ज्या मण्यांवर पेशी उरल्या होत्या ते एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे झाले होते. त्या पेशी सोडविण्यासाठीं ट्रिप्सिन नांवाचें पाचकद्रव्य घातलें. गोळ्यांच्या आंत तें पोंचेना, म्हणून अधिक वेळ ठेवलें. बाहेरच्या पेशी तेवढ्यांत मेल्या. चाळणींतून जें हातीं आलें, त्यांत जिवंत पेशी पेरलेल्या संख्येहूनहि कमी होत्या.

असें कां झालें हें समजण्यास नवें शास्त्र नको होतें. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनीं १९४१ सालींच सांगून ठेवलें होतें कीं, ढवळलेल्या द्रवांत मोठे भोंवरे मोडून लहान होतात, लहान मोडून अधिक लहान, आणि एका विशिष्ट आकारापाशीं त्यांची शक्ति उष्णतेंत विरून जाते. ढवळणें जितकें जोराचें तितके हे शेवटचे भोंवरे बारीक. ते मण्याच्या आकारास येऊन भिडले कीं, मण्यावरच्या पेशी सालीसारख्या सोलून निघतात. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेच्या संशोधकांनीं १९८७ च्या सुमारास मण्यांवरील पेशींच्या बाबतींत हेंच दाखवून दिलें होतें. आम्हीं तें वाचलें होतें. मात्र टांकी पसंत करतांना आठवलें नाहीं. फुटणारे बुडबुडेहि अशा पेशींस घातक, हेंहि माहीत होतें. लहान पात्रांत आधीं प्रयोग करून पाहावा, तर शितावरून भाताची परीक्षा करण्यासहि आम्हांस सवड नव्हती. आणि पात्रांच्या बाबतींत ती परीक्षा अर्धीच उपयोगी पडते. पात्राची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली कीं आंतला द्रव आठपट होतो आणि हवेस लागणारा पृष्ठभाग चौपटच होतो; म्हणून लहानांत सुखानें श्वास घेणारी पेशी मोठ्यांत घुसमटते.

पात्र म्हणजे केवळ सांठवण नव्हे, ही गोष्ट येथें ध्यानांत येते. २००६ सालीं अमेरिकेंतील एंग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, याच मज्जेंतील पेशी मेंदूसारख्या मऊ पृष्ठभागावर ठेवल्या तर मज्जापेशींच्या वळणावर जाऊं लागतात, स्नायूसारख्या मध्यम पृष्ठभागावर स्नायूच्या, आणि हाडासारख्या कठीण पृष्ठभागावर हाडाच्या. बसण्याचा पाट बदलला कीं स्वभाव बदलतो! पेशीच्या दृष्टीनें पात्र हें घरच होय. ती तेथें वाढते आणि तेथलेच संस्कार घेते. आम्हीं तिला उत्तम वाडा दिला आणि वाड्यांत रात्रंदिवस वादळ सोडलें.

त्या रात्रीं आम्ही घरीं उशिरां पोंचलों. वहिनींनीं पान वाढलें व नेहमींचा प्रश्न विचारला. या वेळीं “क्षेम आहे” हे शब्द तोंडांतून निघेनात. झालेली हकीकत आम्हीं सांगितली. त्यांत तुमच्या होत्या किंवा नव्हत्या हें आम्हांस ठाऊक नाहीं, असेंहि सांगितलें. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “कोणाच्या तरी होत्याच ना.” एवढेंच बोलून त्यांनीं ताक वाढलें. दान सत्पात्रीं असावें, असें आपण दात्यास सांगत आलों. घेणाऱ्यानेंहि आपण पात्र आहों किंवा नाहीं हें पाहावयाचें असतें, हें त्या रात्रीं जेवण घशाखालीं उतरेना तेव्हां आम्हांस समजलें.

त्यानंतर कित्येक वर्षें आम्हीं मोठ्या पात्राचें नांव काढलें नाहीं. शंभर मिलिलिटरच्या लहान भांड्यांत मंद गतीनें ढवळून, मणी नुसते तळ सोडतील इतकीच गति ठेवून, पेशींचा स्वभाव समजून घेत बसलों. पुढें २०२४ सालीं पुन्हां पात्र घेण्याची वेळ आली. एका रुग्णालयांतील डॉक्टर, पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्यामुळें पाय गमावण्याची पाळी आलेल्या रुग्णांवर चाचणी करणार होते; ज्याच्या त्याच्या मज्जेंतील पेशी वाढवून त्यालाच देण्याचा बेत होता. पेशी वाढविण्याचें काम आमच्याकडे आलें. येथें चूक झाली तर ती बाटलींत राहणार नव्हती. एखाद्याच्या पायापर्यंत पोंचणार होती.

माहितीपत्रकें जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही बसलों होतों. वहिनी भाजी निवडीत शेजारीं बसल्या व म्हणाल्या, “भावोजी, पानें किती?”

आम्ही म्हणालों, “एका वेळीं एकच. फार तर दोन.”

“पंगत एकच कीं ज्याचा त्याचा स्वयंपाक वेगळा?”

“ज्याचा त्याचा अगदीं वेगळा. एकाचें दुसऱ्याच्यांत थेंबभरहि मिसळतां कामा नये.”

“आणि झाल्यावर काढणार कशानें? मागच्या खेपेस तुमचें काढतांनाच सांडलें, असें तुम्हींच म्हणालांत.”

वहिनींनीं शास्त्र सांगितलें असें आम्ही म्हणत नाहीं. हेच तीन प्रश्न आमच्या विषयाच्या कोणत्याहि चांगल्या ग्रंथांत जड शब्दांत लिहिलेले सांपडतील. फरक इतकाच कीं, आम्ही पात्रापासून आरंभ करून पेशीपर्यंत येत होतों, आणि त्या जेवणाऱ्यापासून आरंभ करून पात्रापर्यंत येत होत्या. हिशेबाचें हें उलटें टोंक धरल्याबरोबर पुष्कळ कागद आपोआप बाजूस पडले.

निरोगी दात्याच्या पेशी वाढवून शेंकडों लोकांस द्यावयाच्या असत्या, तर पन्नास किंवा अधिक लिटरांची ढवळणारी टांकीच योग्य ठरती. मण्यांवर पेशी वाढविण्याची विद्या एव्हांना पुष्कळ पुढें गेली आहे, आणि २०१४ सालीं वाईट होती ती टांकी नव्हे, आमची निवड होती. यामानाकांच्या पद्धतीच्या पेशी असत्या, तर त्या मण्यांवांचून आपसांत गोळे करून वाढतात. त्यांस उभ्या चाकानें हळुवार हलविणारें पात्र मानवतें, कारण गोळा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून फारसा मोठा झाला कीं त्याच्या पोटांतील पेशी उपाशी मरूं लागतात. विजय सिंग यांनीं १९९९ सालीं वर्णिलेली डोलणारी पिशवीहि आमच्यासमोर होती. निर्जंतुक प्लॅस्टिकची पिशवी पाळण्यासारखी झुलते, आंत लाटा उठतात, आणि काम झालें कीं पत्रावळीसारखी टाकून द्यावयाची. कल्पना सुरेख; परंतु चिकटणाऱ्या पेशींस तेथेंहि मणी हवेतच, आणि मणी आले कीं काढण्याचा प्रश्न आलाच.

शेवटीं दोन उमेदवार उरले. एक, दहा मजली चपट्या तबकांची थप्पी. तिचा पृष्ठभाग सुमारें ६३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे छत्तीस बाटल्यांएवढा. किंमत माफक, आणि पेशी जशा बाटलींत वाढतात तशाच येथें वाढतात. परंतु भरलेली थप्पी जड. ती तिरपी करून द्रव सर्व मजल्यांवर सारखा पसरणें हें कसरतीचें काम. आणि सारें हातांवर अवलंबून. दुसरें, पोकळ तंतूंचें पात्र. याचा मूळ नमुना अमेरिकेंतील क्नॅझेक व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केला. एका नळकांड्यांत केंसासारखे बारीक, आंतून पोकळ असे हजारों तंतु. पेशी तंतूंच्या आंतल्या अंगास चिकटतात, आणि तंतूंच्या सच्छिद्र भिंतींतून अन्न आंत येतें व मळ बाहेर जातो. हातभर नळकांड्यांत २१,००० चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे १२० बाटल्या! आंत पातीं नाहींत, बुडबुडे नाहींत; सर्व नळ्या बंद; आणि प्रत्येक रुग्णास नवा संच, त्यामुळें एकाचें दुसऱ्यास लागण्याची भीति नाहीं.

दोष याचेहि आहेत. संच महाग पडतो. शिवाय आंतल्या पेशी डोळ्यांस दिसत नाहींत. ग्लुकोज किती कमी झालें व लॅक्टिक आम्ल किती वाढलें, यावरून त्यांची खुशाली ताडावयाची. परगांवीं शिकणाऱ्या मुलाच्या खर्चाच्या हिशेबावरून त्याची प्रकृति ओळखावी तसा हा प्रकार. म्हणून या वेळीं आम्हीं मोह पडूं दिला नाहीं. विकत घेण्यापूर्वीं यंत्र महिनाभर उसनें मागितलें, आणि पेशी किती वाढतात याच्या आधीं त्या निघतात कशा तें पाहावयाचें ठरविलें.

या परीक्षेसाठीं, उणें १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्यें ठेवलेल्या जुन्या दात्यांच्या कुप्या उरल्या होत्या, त्यांतील एक काढली. संमतीपत्रांत त्या उपयोगास मुभा होतीच. पेशी आंत सोडल्या. रोज ग्लुकोज मोजीत होतों. पहिले तीन दिवस आंकडा हलेना, आणि आमची झोंप उडाली. चौथ्या दिवशीं तो उतरूं लागला, आणि पुढें उतरतच गेला. ट्रिप्सिन सोडून पेशी काढल्या, तेव्हां त्या एका रुग्णाच्या मात्रेस पुरून उरतील इतक्या निघाल्या, आणि बहुतेक जिवंत होत्या. नुसत्या संख्येवर आम्हीं समाधान मानलें नाहीं. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं या पेशींची ओळख पटविण्याचीं जीं गमकें ठरविलीं, त्यांप्रमाणें हाड, कूर्चा व चरबी या तिन्ही वाटा त्यांस अद्याप मोकळ्या आहेत कीं नाहीं हेंहि पाहिलें. मोकळ्या होत्या. मगच खरेदीच्या कागदावर सही केली. आणि या वेळीं कारणांच्या यादींत न लिहिलेलें असें कांहीं उरलें नाहीं.

हें ऐकून दादांनीं आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून विचारलें, “मग आमचाहि नंबर लावा कीं!” त्यांस आम्हीं सांगितलें तेंच वाचकांस सांगतों. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत रक्ताच्या कांहीं मान्य विकारांसाठीं होणारें मज्जारोपण वगळतां, मूलपेशींचा उपचार हा रीतसर मंजूर चाचणीबाहेर देण्याजोगा मानलेला नाहीं. आणि चाचणींत भाग घेणाऱ्याकडून त्याबद्दल पैसे घ्यावयाचे नसतात. कोणी जाहिरात करून, पैसे घेऊन, गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व कांहीं बरें करूं म्हणेल, तर त्याच्याकडील पात्र कितीहि लखलखीत असो, घरच्या माणसांनीं उठून यावें. आमच्या स्वतःच्या चाचणीचा निकालहि काय लागेल हें आज सांगतां येत नाहीं. चाचणी करावयाची ती त्याचसाठीं.

ज्या दिवशीं त्या जुन्या कुपींतील पेशी बाहेर निघाल्या, त्या संध्याकाळीं आम्ही लौकर घरीं गेलों. वहिनी तुळशीपाशीं दिवा लावून परत येत होत्या. त्यांनीं कांहीं विचारण्यापूर्वींच आम्ही म्हणालों, “मंडळींचें क्षेम आहे.”

“माझ्याच का?”

“तें आम्हांस अजूनहि ठाऊक नाहीं.”

वहिनी हंसल्या व म्हणाल्या, “बरेंच आहे. ठाऊक असतें तर मी माझ्यापुरतीच खुष झालें असतें.” आणि पानें घ्यावयास स्वयंपाकघरांत निघून गेल्या.